सारवलेले वादळ

लक्झेंबर्गच्या मेजावरचे खोडरबर झिजत नव्हते.

महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या मुलींना एकाच वडीतून कापलेली खोडरबरे वाटली जात. तिसरा आठवडा उजाडेपर्यंत नॉर्वेचे चिंचोक्याएवढे होई, आयर्लंडवाली नवे मागायला येई, आणि स्पेनवाली आपले हरवले म्हणून पोर्तुगालचे पळवी. लक्झेंबर्गच्या रबराचे मात्र चारही कोपरे शाबूत होते. रिबका झिराडकरने ते उचलले आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. धार अजून लागत होती.

"चंद्रा, तुझ्या देशात खोडायला बंदी आहे का गं?"

चंद्रा पोंक्षेने मान वर केली नाही. तिचा तिसऱ्या तासाचा गुणाकार चालला होता. "माझ्या देशात चुकाच होत नाहीत, बाई."

"देश तो केवढा!" शेजारच्या मेजावरून हिरा बोराडे म्हणाली. हिरा म्हणजे बेल्जियम. "तीन म्हशी उभ्या केल्या तर चौथी फ्रान्समध्ये जाते. त्यात चुकायला जागा कुठाय?"

"स्वतःचं रबर बघ आधी. तेही कोरं करकरीत आहे."

रिबकाने पाहिले. खरेच होते.

पुण्याजवळ भांबुर्ड्याच्या माळावरच्या त्या लांबलचक दिवाणखान्यात साडेतीनशे मुली युरोपच्या आकारात बसत. दाराशी आइसलँड, खिडक्यांच्या बाजूने समुद्र, मागच्या भिंतीला रशियाची सुरुवात. स्पेन पाण्याच्या माठाजवळ होते, त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्या युरोपची ये-जा स्पेनमधून चाले. त्या एकमेकींना देशांच्या नावानेच हाक मारत. नवी मुलगी पहिल्या दिवशी हसे आणि आठवड्याभरात "अहो डेन्मार्क, जरा वारा द्या" असे सहज म्हणू लागे.

हे गणनागृह १९१६च्या तहातून जन्मले होते. दोन वर्षे लढून थकलेल्या राष्ट्रांनी त्या तहात बरीच निरर्थक कलमे घातली आणि एक शहाणपणाचे: हवामान कोणाच्याही मालकीचे नाही. प्रत्येक देशाने आपली निरीक्षणे बिनतारी संदेशाने सर्वांना उघड सांगायची, त्यांवरून एकच अंदाज काढायचा आणि तो सर्वांना एकाच वेळी द्यायचा. हे गणित कोणाच्या राजधानीत करायचे यावर मात्र तीन वर्षे भांडण झाले. शेवटी जिथे त्यांच्यापैकी कोणाचीच सीमा लागत नाही आणि लॉगचे तक्ते पाठ असलेल्या मुली थोड्या पगारात मिळतात, असे गाव शोधण्यात आले. युरोपात मध्यरात्री घेतलेली निरीक्षणे पुण्यात पहाटे पोचत. मुली सात वाजता येत. युरोप नाश्त्याला बसेपर्यंत पुढच्या पाच दिवसांचा अंदाज तयार असे.

गणिताची कल्पना सोपी होती. नकाशावर घरे पाडायची. प्रत्येक घरात हवेचा दाब, वारा, तापमान आणि ओल. दाबातला फरक वारा ढकलतो आणि वारा हवा वाहून नेऊन दाब बदलतो. शेजारच्या घरांचे आकडे ठाऊक असले की आपल्या घरात तीन तासांनी काय होईल ते निघते. मग सगळ्या घरांचे नवे आकडे घेऊन पुढचे तीन तास. असे करत करत पाच दिवस.

पण पहिल्या वर्षी या गणिताने जगाला हसवले होते. खऱ्या निरीक्षणांत बारीकसारीक उसळ्या असतात. एक वायुदाबमापक डोंगराच्या आडोशाला, दुसरा खाडीच्या तोंडाशी, तिसऱ्याचा निरीक्षक सर्दीने बेजार. गणिताला ही बारीक लहर आणि खरी लाट यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही सारख्याच निष्ठेने वाढवत नेते. पहिल्या अंदाजात लंडनचा दाब सहा तासांत इतका चढला, की तो खरा असता तर लंडनच्या लोकांचे कान फुटले असते.

त्यावरचा उपाय रिबकाने शोधला होता. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि पोर्तुगालच्या मेजावर बसत असे. एखाद्या घरात आकडा उसळलेला दिसला, की ती उसळी आठही शेजाऱ्यांत थोडी थोडी पसरवायची, आणि तीही अशा प्रमाणात की दाब आणि वारा एकमेकांशी जुळावेत. अंगणातला उंचवटा हाताने पसरून सपाट करावा तसे. मुली त्याला सारवण म्हणू लागल्या. नियमाचे इंग्रजी नाव मोठे होते, छापील पुस्तिका सात भाषांत गेली होती, पण दिवाणखान्यात शब्द एकच: सारवण. रिबका आता त्या विभागाची प्रमुख होती.

सारवण म्हणजे खोडाखोड. ज्या घरात खोडावे लागत नाही, त्या घरातले आकडे मुळातच सारवलेले येतात. आकाशातून असे आकडे येत नाहीत.

*

त्या हिवाळ्यात युरोपच्या सगळ्या वर्तमानपत्रांत एकच बातमी निरनिराळ्या मथळ्यांखाली येत होती. जर्मनीचे सैन्य डेन्मार्कपासून लक्झेंबर्गपर्यंतच्या सीमेवर येऊन थांबले होते. हॉलंड आणि बेल्जियम मधे. बड्या राष्ट्रांनी चिंता व्यक्त केली होती; त्याहून जास्त काही करायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. रणगाड्यांना कोरडी जमीन लागते आणि विमानांना मोकळे आकाश, तेही सलग पाच दिवस. जर्मनीचे स्वतःचे हवामानशास्त्रज्ञ दोन दिवस पुढचे बरे सांगत. पाच दिवसांचे सांगणारी जागा जगात एकच होती. आणि ऑक्टोबरपासून पुण्याच्या अंदाजात त्या सीमेवर सतत कमी दाब, ढग आणि पाऊस होता.

सैन्य थांबून होते. वाट कशाची पाहत होते, ते चहाच्या दुकानातही बोलले जाई.

रिबकाने एका दुपारी, अंदाज रवाना झाल्यावर, मुलींना तासभर थांबवून घेतले.

"एक गंमत करायची आहे. आजचेच आकडे पुन्हा घ्या. पण सारवण करायचं नाही. जसे आले तसे."

"बाई, युरोप फुटेल!" नॉर्वेवाली म्हणाली.

"फुटू दे. कुठे कुठे फुटतो तेच बघायचंय."

पहिल्या तीन तासांत फारसे काही झाले नाही. दुसऱ्या फेरीत खिडकीकडून खिदळणे सुरू झाले. तिसऱ्या फेरीत नॉर्वेवाली किंचाळली, "माझं आभाळ खाली आलं!" आयर्लंडमध्ये वारा तोफेच्या गोळ्याच्या वेगाने वाहू लागला. इटलीवाली आपला कागद उंच धरून ओरडत होती, "व्हेनिस आकाशात गेलं हो, व्हेनिस!" पोरी डोळे पुसत हसत होत्या. रिबकाही हसली. हसता हसता ती रांगांमधून चालत मध्यावर आली.

इथे कोणी हसत नव्हते.

"काहीच होत नाहीये," चंद्रा कंटाळून म्हणाली. "सगळे वेडे झालेत आणि मी आपली शहाण्यासारखी बसल्येय."

हिराचे तसेच. हॉलंडचे तसेच. डेन्मार्कचेही. चार घरे. बाहेरून येणारा गोंधळ त्यांच्या कडांवर आदळत होता, पण त्यांचे स्वतःचे आकडे संथ होते. मधोमध एक देखणा कमी दाब, भोवती बरोबर कोनात वळणारा वारा.

रिबकाने ते चार कागद एका मेजावर शेजारी शेजारी मांडले. तिला वाटले ती भीती नव्हती, कुतूहल होते. एखादे अवघड गणित दुसऱ्या कोणी फार सुंदर सोडवलेले पाहून वाटावे तसे. दाबाचा आकडा खोटा लिहिणे सोपे आहे. पण दाब खोटा असेल तर वारा साक्ष देत नाही. हवा कमी दाबाभोवती वळते, आणि त्यासाठी शेजाऱ्यांचे वारेही वळवावे लागतात. कोणीतरी एकाने, बहुधा लक्झेंबर्गने, आधी आकडा थोडा खाली नेला असणार. संदेश उघडच असतात. बेल्जियमच्या माणसाने तो वाचला असेल, त्याला समजला असेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याने आपला वारा चार अंशांनी वळवला असेल. मग हॉलंड. मग डेन्मार्क. एकमेकांना एक शब्दही न लिहिता चार देशांतल्या चार माणसांनी, आपल्याकडे होते तेवढ्या हत्यारांनी, सीमेवर एक वादळ उभे केले होते. आणि ते जुळवायला त्यांनी रिबकाचीच पुस्तिका वापरली होती. म्हणून तर ते इतके गुळगुळीत झाले होते. नियम पाळण्यात ती माणसे चुकली नव्हती. तो जरा जास्तच पाळला होता.

"बाई, काय कळलं?" हिराने विचारले.

"अजून काही नाही," रिबका म्हणाली. "जा घरी. आज उशीर झाला."

*

तिने ते कोणाला सांगितले नाही. उद्या ठरवू, असे ती रोज स्वतःला सांगे. आणि रोज सकाळी ते खोटे वादळ दिवाणखान्यातून पुढे जाऊ देई.

कारण तिला ठाऊक होते. रिबका बेने इस्राएल होती, कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. तिचे पणजोबा अलिबागजवळच्या झिराडला तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. मराठी तिची मायबोली होती आणि युरोप तिने फक्त आकड्यांत पाहिला होता. पण गेल्या वर्षी रास्ता पेठेतल्या त्यांच्या मशिदीत (यहुद्यांच्या प्रार्थनाघराला ते मशीदच म्हणत) हँबर्गहून पळून आलेले एक डॉक्टर जोडपे आले होते. ती बाई प्रार्थनेच्या वेळी दाराकडे तोंड करून बसे. कोणीतरी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सवय."

मग रोज सकाळी रिबका आकड्यांकडे बघत होती की त्या दाराकडे? वादळ जाऊ द्यायचे ते त्या चार माणसांसाठी, की स्वतःच्या धास्तीसाठी? शास्त्रज्ञाने आधी आपले उपकरण तपासावे. इथे उपकरण ती स्वतः होती, आणि त्यात किती दोष आहे ते तिला मोजता येत नव्हते.

मार्चमध्ये बॉर्नहोमची बातमी आली. डेन्मार्कच्या त्या बेटावरून मासेमारीला गेलेल्या होड्यांवर बाल्टिक समुद्रात अचानक वादळ आले. नऊ होड्या परतल्या नाहीत. पुण्याच्या अंदाजात त्या दिवशी समुद्र शांत होता.

दुपारच्या सुट्टीत डेन्मार्कची मुलगी डबा न उघडता बसून राहिली. हिराने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले.

"बाई, ते वादळ नॉर्वेकडून आलं होतं. आपल्या कागदावर ते होतं. पण आपण ते खाली, हॉलंडकडे वळवलं. का?"

"गणितानं वळवलं," चंद्रा म्हणाली.

"गणित उगाच वळवत नाही."

रिबकाला उत्तर ठाऊक होते. शेजारी खोल कमी दाब असेल, तर वादळ त्याच्या बाजूला ओढले जाते. कागदावर खड्डा होता, म्हणून कागदावरचे वादळ त्याच्याकडे घरंगळले. समुद्रात खड्डा नव्हता. समुद्रातले वादळ सरळ बॉर्नहोमला गेले. खोटा आकडा त्याच्या घरात राहत नाही; दर तीन तासांनी तो एक घर पुढे सरकतो.

"मी शोधते," ती म्हणाली.

"शोधा बाई," चंद्रा म्हणाली. "नाहीतर लोक म्हणतील, पोरींच्या हातात दिलं आणि वाट लागली. मग हे गृह बंद. आणि हे बंद झालं, तर दिवाळीच्या आत माझं लग्न लावून देतील. मुलगा बघूनही ठेवलाय. मिशा आहेत त्याला, आणि बाकी काही नाही."

हिरासुद्धा हसली. रिबकाला हसता आले नाही.

त्या संध्याकाळी तिने ती चार घरे कोरी करून बाहेरच्या शेजाऱ्यांवरून भरली आणि आसपासची घरे घेऊन एकटीनेच ढोबळ गणित केले, आणि दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या. खोटेपणा काढून टाकला की काय उरते ते तिला बघायचे होते. आठवडाभर खरोखरच ढगाळ निघाले. मग एका गुरुवारी तिच्या कागदावर ऊन आले. रविवारपासून कागद संपेपर्यंत, डेन्मार्कपासून लक्झेंबर्गपर्यंत, एक ढग नाही.

*

शुक्रवारी बर्लिनहून डॉ. रीडेल आले. तहाप्रमाणे कोणत्याही सदस्य देशाचा तज्ज्ञ गणनागृह पाहू शकत असे. उंच, वाकलेला, नम्र माणूस. संचालक डॉ. मोने त्यांच्या मागून घाम पुसत चालत होते.

"आपला नियम मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवतो," रीडेल इंग्रजीत रिबकाला म्हणाले. ते मनापासून म्हणत होते. "फार सुरेख आहे. मला वाटलं होतं, आपण वयस्कर असाल."

"होईन," रिबका म्हणाली.

ते हसले. मग हॉलंड आणि बेल्जियमच्या मधल्या वाटेत उभे राहून त्यांनी आवाज खाली आणला. "एक गोष्ट मला समजत नाही. आपल्या अंदाजात आमच्या पश्चिम सीमेवर पाऊस असतो. आमची विमानं तिथून जातात, तेव्हा पुष्कळदा ऊन असतं."

"विमानं रोज जातात?"

"हवामान पाहायला."

"अर्थात."

"हा कमी दाब खरा आहे का, एवढंच मला विचारायचंय. ओळखणारी व्यक्ती जगात एकच आहे आणि ती माझ्यासमोर उभी आहे. मी बर्लिनला आपला शब्द कळवीन. उद्या सांगितलंत तरी चालेल."

"उद्या मी येत नाही. शनिवार आहे."

"गृह तर शनिवारीही चालतं."

"गृह चालतं. आमच्यात शनिवारी काम करत नाहीत."

रीडेलनी तिच्याकडे पाहिले. मग पलीकडे तिच्या खोलीच्या दारावरच्या नावाच्या पाटीकडे. झिराडकर हे नाव त्यांना काही सांगत नव्हते. रिबका हे सांगत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, तिरस्कारही नाही. फक्त एक हिशेब जुळल्याची शांतता आली, आणि तिला तीच जास्त लागली.

"मग रविवारी," ते म्हणाले आणि त्यांनी हॅट उचलली.

ते गेल्यावर मोने रिबकाच्या खोलीत आले आणि त्यांनी दार लावून घेतले. "झिराडकरबाई, कशाला सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं."

"पोट दुखतंय म्हणायचं होतं!" ते खुर्चीत बसले. "मी काही विचारत नाही तुम्हाला. विचारलं तर तुम्ही सांगाल, आणि मग मला ते ठाऊक असेल. पण एवढं ऐका. तुम्ही काही केलंत, तर म्हणतील यहुदी बाईनं अंदाज नासवला. आणि काहीच केलं नाहीत, तर कोणी काही म्हणणार नाही."

"तेच तर मी पाच महिने करत्येय, साहेब."

*

शनिवारी रिबका पेन्सिल हातात धरत नसे. मशिदीतून आल्यावर ती माजघरात भिंतीला टेकून बसली. भावजय आत पडली होती. भाऊ हसकेल, दवाखान्यातला कंपाउंडर, आडवा होऊन पंख्याने वारा घेत होता.

"तुझे ओठ हलतायत," तो म्हणाला. "तोंडी गणित चालतं वाटतं शब्बाथला?"

"लिहीत नाहीये मी."

"देवाला कळतं हो सगळं. काय आहे?"

तिने त्याला सांगितले. पहिल्यांदाच कोणाला तरी. वादळ, ती चार माणसे, बॉर्नहोम, रीडेल. हसकेल उठून बसला.

"म्हणजे खरं सांगितलंस तर रणगाडे निघतात. खोटं चालू ठेवलंस तर होड्या बुडतात."

"हं. आणि तो माणूस दोन-चार आठवड्यांत स्वतःच शोधून काढील. हुशार आहे."

"मग मधलं काहीतरी कर. समुद्राचं खरं सांग आणि ती चार घरं कोरी सोड."

खिडकीतून ऊन फरशीवर पडले होते. रिबका उठली. "तो पाट घे आणि उन्हाच्या कडेची एखादी फरशी झाक. कुठली ते चालेल. मी मागे वळते."

त्याने झाकली. थोड्या वेळाने तिने वाकून पाटाच्या चारी बाजूंच्या फरशांवर तळहात ठेवला. "पाटाखालची खिडकीकडे कोमट आहे आणि आतल्या बाजूला गार."

हसकेलने पाट उचलून हात लावला. "बरोबर."

"आता चटई घाल. मोठी."

चटईखाली सहा फरशा गेल्या. रिबका कडेने गुडघ्यांवर फिरली. या वेळी तिला वेळ लागला, पण तिने उन्हाची कड कुठून जात असेल ते बोटाने दाखवले. चटई उचलल्यावर ती विताने चुकलेली निघाली.

"बघ. एक घर कोरं सोडलं, तर शेजाऱ्यांवरून भरता येतं. मीच शिकवलंय जगाला. शेजारी झाकले, तर त्यांच्या शेजाऱ्यांवरून. थोडं चुकेल, पण रणगाड्यांना तेवढं पुरतं."

"म्हणजे सगळं घर झाकल्याशिवाय एक फरशी लपत नाही."

"नाही."

ती पुन्हा भिंतीला टेकली. हसकेल पाटावरच बसला.

"आपले आजोबा मचव्यातून मुंबईला तेलाचे डबे न्यायचे," तो म्हणाला. "त्यांना कोणी अंदाज देत नव्हतं."

"बुडायचेही लोक."

"बुडायचे. आभाळ बघून जायचे, आणि बुडायचे. पण समुद्र शांत आहे असं सांगून त्यांना कोणी पाठवलेलं नसायचं."

रिबकाने गुडघे जवळ घेतले. मग म्हणाली, "मी घाबरल्येय म्हणून मला हे पटतंय का, तेच कळत नाही."

"घाबरलीयेस ना? मीही घाबरलोय. ती हँबर्गवाली घाबरलीय. बरं, आता मला सांग, तू घाबरली नसतीस तर त्या चटईखालची फरशी थंड झाली असती का?"

तिने पुढे वाकून त्या फरशीवर पुन्हा तळहात ठेवला. "नाही."

"मग तू खुशाल घाबर. फरशी आहे तशीच आहे."

आतून भावजय म्हणाली, "अहो, पाट जागेवर ठेवा. आणि चटईची धूळ झटकून घ्या."

*

रविवारी अकरा वाजता शेवटची फेरी संपली. मुलींनी पेन्सिली खाली ठेवल्या. दिवाणखान्याच्या टोकाला काचेची खोली होती. तिथून अंदाज बिनतारीवर वाचला जाई आणि दिवाणखान्यातल्या कर्ण्यावरही ऐकू येई. रिबकाने अजून कागद आत पाठवला नव्हता. रीडेल खिडकीशी उभे होते. बाहेर पुण्याचे ऊन पांढरे झाले होते.

"आपला शब्द?" त्यांनी विचारले.

"देते. सगळ्यांना एकदमच देते. आपला तोच नियम आहे ना?"

मोने पुढे आले. "झिराडकरबाई, कागद कुठाय?"

"साहेब, तहाचं कलम तुम्ही लिहायला मदत केली होती ना? अंदाज सर्वांना एकाच वेळी, एकसारखा. एकाला दिला आणि दुसऱ्याला नाही, असं करता येत नाही."

"बरोबर."

"तो द्यायलाच हवा, असं कुठे आहे त्यात?"

मोने विचार करू लागले. सवयीनेच, कलम म्हटले की ते विचार करत. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू बदलल्या. "नाही," ते चकित होऊन म्हणाले. "कोणाला सुचलंच नव्हतं."

रीडेलना समजायला तेवढाच वेळ लागला. "बाई," ते घाईने म्हणाले, "याचा अर्थ काय लावला जाईल ते आपण जाणता. आपण कोण आहात ते मला लिहावं लागेल."

"लिहा," रिबका म्हणाली. "स्पेलिंग पाटीवर आहे."

"आणि होड्या? बोटी? त्या सगळ्यांना आपण आंधळं करणार?"

हा प्रश्न खरा होता. "हो," ती म्हणाली. "ते मलाच करावं लागणार आहे. मी ते दुसऱ्या कोणावर ढकलत नाही."

ती काचेच्या खोलीत गेली. वाचणारी मुलगी उठून उभी राहिली. काचेतून सगळा युरोप दिसत होता. नॉर्वे जांभई देत होती. चंद्रा हिराच्या कानात काहीतरी सांगत होती आणि हिरा तिला कोपराने ढकलत होती. त्या दोघींना रिबकाने विचारले नव्हते. विचारले असते, तर तो निर्णय त्यांच्याही माथी आला असता; तेवढे तरी तिला टाळायचे होते. चंद्राच्या घरी पत्रिका काढल्या जातील. हिराला दुसरीकडे कुठे असे काम मिळेल, ते रिबकाला सांगता येत नव्हते.

तिने ध्वनिक्षेपक जवळ ओढला. पाच महिने रोज उद्यावर टाकलेले वाक्य तोंडात आले, तेव्हा ते तिला वाटले होते त्याहून लहान होते.

"पुणे गणनागृह. समुद्रावर जाणाऱ्या सर्वांना कळवण्यात येते, की आज अंदाज नाही. आमच्या भरवशावर निघू नका. आपापले आभाळ बघा, आणि शंका आली तर किनारा सोडू नका." कर्ण्यातून तिचाच आवाज दिवाणखान्यात घुमत होता. चंद्राने बोलणे थांबवून वर पाहिले. रिबका तिच्याकडे बघतच पुढचे बोलली. "उद्याही अंदाज नसेल. डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम आणि लक्झेंबर्गच्या सीमांवरून सैन्य मागे जात नाही, तोवर पुण्याहून कोणालाही अंदाज मिळणार नाही. हा निर्णय माझा आहे. माझं नाव रिबका झिराडकर."